जायफळाच्या झोपेनंतरची निरवानिरव

दिनांक ९ ऑक्टोबर. सकाळी डॉक्टर नाडी पाहून गेले; दुपारी सहीसाठी पुन्हा येणार आहेत. मुलगी कामावर गेली. जेवण करून लिहायला बसलो.

मी, निवृत्त पुस्तकबांधणी कारागीर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय ही व्यवस्था लिहून ठेवतो. माझ्या शुद्धीविषयी मेहुणीला शंका आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शंकेचे कारणही नोंदवतो.

माझी पत्नी मला झोपेसाठी कोमट दुधात चिमूटभर जायफळ उगाळून देई. पोट बिघडले, कपाळ दुखले, तरी तिचा हात त्याच डबीकडे जाई. डबीत नेहमी अर्धे जायफळ असे. ते महिनोन्महिने पुरे. ती गेली आणि माझी झोप उडाली. मुलीला वाटले, आई एका वेळी अर्धे घालत असणार. तिने ते सगळे उगाळले.

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत मी पडून होतो. घसा कोरडा, छातीत धडधड. पण भिंती पातळ कागदासारख्या हलत होत्या, खोलीभर दुधाळ उजेड होता आणि पत्नी शेजारी बसून पुस्तकाची पाने जुळवत होती.

"झालं का हो?"

"शेवटचा भाग राहिलाय," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मला जागे केले. त्यांचे आभार अजून नीट मानलेले नाहीत.

उशाशी मेहुणी उभी होती. "भावोजी, पोरीनं घरासाठी घातलंय तुम्हाला हे. डोळे उघडा!"

"उघडलेत म्हणून तर तू दिसतेस."

मुलगी हसली नाही. तेव्हापासून ती माझ्या दुधाला हात लावत नाही.

सबब, राहते घर व बँकेतील शिल्लक मुलीस द्यावी. बांधणीचा दाब, दाभणे व कातर धंद्यातल्या जुन्या भागीदारास. कातर मुळात आपलीच, असे तो म्हणत आला आहे. म्हणू दे. मेहुणीस तिच्या बहिणीची शाल. ती मागणार नाही, तरी द्यावी. तिच्या रागाखाली रडणेच आहे.

मी झोपेत गेलो, तर मुलीला कोणी काही विचारू नये. औषधाचे जायफळ जास्त झाले की बाधते, हे तिला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. डॉक्टरांनी सध्या नुसते दूध सांगितले आहे. ते यापुढे मीच करून घेईन.

वरील मजकूर वाचून, दोघांच्या देखत सही केली.

साक्षीदार: घरचे डॉक्टर (सही), शेजारचे पोस्टमास्तर (सही)
स्थळ: राहते घर. तारीख वरीलप्रमाणे.

साक्षीदार गेले. मुलगी यायच्या आत नुसते दूध तापवून प्यालो. पेला विसळून पालथा घातला.