खरवडलेला चेहरा

३ सप्टेंबर २०१८, सोमवार

लॅमिनेट केलेत! चौदा फोटो! १९१० ते १९४० मधले! बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन गरम रोलरमधून काढले. रायकानवहिनी वर अभिमानाने सांगतात, "आता चहा सांडला तरी काळजी नाही, कलिपा." वहिनी, शंभर वर्षं ह्या फोटोंवर कुणी चहा सांडला नव्हता. तुमचीच वाट बघत होते बिचारे!

उरलेले फोटो बुटांच्या तीन खोक्यांत आणि एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डब्याच्या तळाशी उंदराच्या लेंड्या. घराणं म्हणे!

वहिनींचा नवरा शेरगाजी; त्याचे आजोबा आणि माझे आजोबा सख्खे भाऊ. एवढंच काय ते नातं. तेवढंही नसतं तरी माझं काही अडलं नसतं. पण आता पणजोबांच्या जन्माला दीडशे वर्षं होतात. मोठा तोय करायचाय, आमच्या रीतीची मेजवानी: दोनशे पाहुणे, तीन घोडे कापायचे आणि प्रत्येकाच्या हातात वंशावळीचं जाडजूड पुस्तक द्यायचं. फोटोंसकट. "फोटोंचं तू बघ," मला म्हणाला. "एकतीस वर्षं म्युझियममध्ये फोटोच तर सांभाळलेस."

फोटोच तर! जशी काही एकतीस वर्षं बसून लसूण सोलत होते.

हो म्हटलं. का म्हटलं ते मला माहीत आहे. शेरगाजीच्या आजोबांच्या, ओस्मोनच्या घरातला तो डबा एकदा माझ्या टेबलावर यायला हवा होता. आला.

५ सप्टेंबर

हातमोजे, मऊ ब्रश, पेन्सिल. म्युझियममधून पांढरे लिफाफे मागून आणले, आम्ल नसलेल्या कागदाचे. एका फोटोला एक लिफाफा. वहीत नंबर, माप, कुठून आला, कोण आहे, मागे काय लिहिलंय. आज एकसष्टपर्यंत झालं.

मागे काय लिहिलंय? अकरा फोटोंच्या मागे शेरगाजीने बॉलपेनने लिहिलंय, "थोर पूर्वज". दाबून. इतकं दाबून की अक्षरं पुढून उठून दिसतात, पूर्वजांच्या कपाळावर. त्यातला एक तर घोड्यांचा रशियन डॉक्टर आहे! नाकावर चष्मा, गळ्यात क्रॉस. थोर पूर्वज!

फोनवर सांगितलं. जरा विचारात पडला. मग म्हणाला, "पण दिसतो रुबाबदार. राहू दे की."

९ सप्टेंबर, रविवार

आज तलवार.

पणजोबा माम्बेत उभे आहेत, कमरेला तलवार, मागे रंगवलेला किल्ला. शेरगाजीला हा फोटो पानभर हवा. खाली ओळही तयार: "माम्बेत बातीर, शत्रूंचा काळ." बातीर म्हणजे शूरवीर. तलवार तर फोटोवाल्याची आहे! म्युझियममध्ये त्याच किल्ल्यापुढे तीच तलवार लावून उभा असलेला एक पीठगिरणीवाला आहे आणि एक कापडवाल्याचा पोरगा. मुठीला डावीकडे तोच पोचा. माम्बेतने जन्मभर मेंढ्या राखल्या. शत्रू म्हणजे लांडगे.

मी तिन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. शेरगाजीने नीट बघितले आणि म्हणाला, "म्हणजे तलवार प्रसिद्ध होती म्हणायची!"

ह्या माणसाने चौदा वर्षं तालुक्याचा कारभार केला. तालुका अजून जागेवर आहे हेच नवल.

११ सप्टेंबर

पुस्तकातल्या वंशवृक्षावर एकही बाई नाही. शेरगाजीला विचारलं. "बायकांची नावं कुठे कोंबायची, पानं वाढतात." फोटोंत पुरुष एकशे चार, बायका एकशे एकोणतीस. मोजल्या.

१५ सप्टेंबर, शनिवार

सापडला.

डब्यात, दोन लग्नांच्या मध्ये. पोस्टकार्डाएवढा. मागे शिक्का, काराकोल, १९३६. खुर्च्यांवर दोन पुरुष. डावीकडे ओस्मोन, शेरगाजीचे आजोबा, भुवया तशाच जाड. उजवीकडच्याच्या अंगात कोट, गळ्याचं बटण लावलेलं, मांडीवर पुस्तक, आणि वर चेहराच नाही. खरवडलेला. पांढरा कागद दिसतोय.

डावा हात पुस्तकावर. अंगठ्याला वरचं पेर नाही. घोड्याच्या दोरात अडकून तुटलं होतं, लहानपणी.

किदिर. माझे आजोबा. शिक्षक होते. डिसेंबर सदतीसमध्ये सरकारविरोधी म्हणून नेले, परत आले नाहीत. आमच्या घरात एकही फोटो नव्हता त्यांचा. बाबा जन्मले तेव्हा त्यांना अटक होऊन दोन महिनेसुद्धा व्हायचे होते—नाही, चुकलं—अटक झाली तेव्हा बाबा दोन महिन्यांचे होते. रात्र फार झालीय म्हणून असं लिहिलं जातंय. दुसरं काही नाही.

पोलिसांकडे त्यांचं नाव कुणी दिलं हे अख्ख्या गावाला माहीत होतं. उघड कुणी बोलायचं नाही. ओस्मोन रस्त्याने गेला की बायका बोलणं थांबवायच्या. आजी त्याच्या घरी कधी जेवली नाही. दर शरदात तो अर्धी मेंढी घेऊन आमच्या फाटकाशी यायचा. मी दहा-बारा वर्षांची असेन. एकदा त्याने हाक मारली, "ये ग, पोरी." मी थुंकले. त्याच्या पायाजवळ. त्याने मेंढी ठेवली, गेला.

मला त्या थुंकण्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही. आजही नाही.

२० सप्टेंबर

दिवा आडवा धरून, भिंगातून तासभर बघितलं. सुईने खरवडलंय. घाईने नव्हे. कानाच्या पाळीपासून सुरुवात, मग गोल गोल आत. कॉलरला धक्का नाही. बाजूच्या भावाला तर एक ओरखडाही नाही. बसून, सावकाश केलंय. आधी नाव द्यायचं आणि मग चेहरा पुसायचा! आणि स्वतःचा मात्र शाबूत ठेवायचा, भुवयांसकट.

वहीत लिहिलं: नंबर २३३. कुठून आला: ओस्मोनचं घर.

आणि हे म्हणे पुस्तक काढणार. घराण्याचा अभिमान!

२७ सप्टेंबर

रविवारी शेरगाजीकडे सगळे जमणार आहेत, पुस्तक छापायला देण्याआधी बघायला. फोटोखालच्या ओळी मी वाचून दाखवायच्या. शेरगाजी म्हणाला, "जरा आवाज चढवून वाच, म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही."

चढवते.

३० सप्टेंबर, रविवार

बावीस माणसं. मटण-शेवयांचं बेशबारमाक, तळलेल्या बोऑरसोकांचे डोंगर, तीन तऱ्हेचे जाम. रायकानवहिनींनी लॅमिनेट केलेले फोटो ताटांच्या मध्ये मांडले होते, ताटाखालच्या चटयांसारखे. आधी शेरगाजीचं भाषण. सात पिढ्यांची नावं घेतली, दोन चुकली. मग मी.

तलवार फोटोवाल्याची, ही ओळ मी लिहिली तशी वाचली. हशा पिकला. शेरगाजीही हसला, मोठ्याने. मग नंबर २३३.

"काराकोल, १९३६. डावीकडे ओस्मोन. उजवीकडे त्यांचा धाकटा भाऊ किदिर, शिक्षक. डिसेंबर १९३७ मध्ये अटक, परतले नाहीत. त्यांचा चेहरा भावाच्या घरी खरवडण्यात आला. त्याच भावाने त्यांचं नाव दिलं, असं गाव सांगतं."

"असं गाव सांगतं." म्युझियमची सवय, पुराव्यापलीकडे शब्द नको.

 मग कोपऱ्यातला एक म्हातारा पुटपुटला, "मेलेल्याला असं उकरून काढतात का, पोरी?" मी म्हटलं, "माझ्या आजोबांना तर पुरायलाही कुणी दिलं नाही."

रायकानवहिनी किटली घेऊन उभ्या होत्या. तोंड लाल. नवऱ्याला म्हणाल्या, "सांगा ना हो! आता तरी सांगा!"

"चहा ओत," शेरगाजी म्हणाला.

मी वाट बघत होते. ओरडेल, पुरावा मागेल, हाकलून देईल. सगळ्याची उत्तरं तयार होती. तो नुसता टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत बसला. मग म्हणाला, "छापू. तू लिहिलंस तसंच."

भांडायचीही धमक नाही! अख्ख्या भाऊबंदांसमोर आजोबाला फितूर ठरवलं आणि हा म्हणतो छापू. असली माणसं. कणा म्हणून नाहीच. असणार कुठून? त्याच रक्ताची!

१ ऑक्टोबर

बऱ्याच वर्षांनी इतकी गाढ झोपले.

३ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी रायकानवहिनी आल्या. एकट्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, बूट काढले नाहीत. ह्या बाईला मी कधी न हसताना बघितली नव्हती.

"बसा," म्हटलं.

"बसायला नाही आले." पिशवीतून घडी केलेले कागद काढले. "चौऱ्याण्णवमध्ये हे बिश्केकला गेले होते. किदिरआजोबांच्या अटकेची फाइल बघायला. घरच्यांना तेव्हा बघू द्यायचे. झेरॉक्स देईनात, म्हणून हाताने उतरवून आणली. चोवीस वर्षं माझ्या शिवणाच्या मशीनच्या खणात आहे. आज ह्यांना न विचारता आणली."

"काय आहे त्यात?"

"तू कागदातली माणूस. वाच की." मग दाराची कडी धरून म्हणाल्या, "आणि तो फोटो आमच्या घरचा, हे तुला कुणी सांगितलं?"

"डबा तुमचा."

"डबा आमचा. फोटो तुझ्या आजीने माझ्या आजेसासूला आणून दिला होता. तसाच, खरवडलेला. चुलीत घाल म्हणाली. आमच्या म्हातारीने घातला नाही. म्हणाली, हात तरी राहू देत पोराचे." थांबल्या. "मी अडाणी, मला फोटो कसे जपायचे कळत नाही. मान्य. पण तू तरी विचारायचंस, कलिपा. महिनाभर डबा तुझ्याकडे होता. एकदा विचारायचंस."

गेल्या. चहाही नाही.

गोष्ट बरी रचलीय. तीन दिवस बसून रचली असणार दोघांनी.

४ ऑक्टोबर

उघडलं नाही. सारवासारव असणार, दुसरं काय! शेरगाजीचं अक्षर घडीतून दिसतंय, चौथीतल्या पोरासारखं मोठं मोठं.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

वाचलं. चार वेळा.

फाइल नंबर, तारखा, कुणाकुणाच्या सह्या, सगळं उतरवलंय. कुठे अक्षर लागलं नाही तिथे प्रामाणिकपणे "लागत नाही" लिहिलंय. मीही असंच उतरवलं असतं.

"साक्षीदार ओस्मोन, आरोपीचा भाऊ. भावाविरुद्ध जबाब द्यायला नकार. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, नकार. तिसऱ्या दिवशी नकार." खाली: नोकरीवरून काढलं, पाच वर्षं लाकूडतोडीला पाठवलं. गाव ती पाच वर्षं सरकारी बक्षिसाची नोकरी समजायचं.

"साक्षीदार बातमा, आरोपीची पत्नी, वय तेवीस." माझी आजी. "सांगते की नवरा घरात सरकारविरुद्ध बोलत असे. बंदी असलेली अरबी लिपीतली पुस्तकं त्याने गोठ्यात पुरून ठेवली. जागा दाखवायला तयार आहे. सही."

त्यापुढे तपासणाऱ्याने एक ओळ घातलीय. "साक्षीदारासोबत तान्हं मूल. मुलाला अनाथाश्रमात ठेवण्याच्या शक्यतेची कल्पना देण्यात आली."

तान्हं मूल म्हणजे बाबा.

आजीच्या हाताखाली मी वाढले. सुईत दोरा मीच ओवून द्यायचे तिला. मी आज काहीच काम केलं नाही. खिडकीशी बसले. नंतर उठून वहीतलं "ओस्मोनचं घर" खोडलं. पेन्सिल होती तरी कागद फाटला.

६ ऑक्टोबर, शनिवार

शेरगाजीबाइकेंना फोन केला. बाइके म्हणजे दादा; ह्या वहीत आजवर कधी लिहिलं नव्हतं. ते काही बोलायच्या आतच विचारलं, "ओस्मोन आजोबांनी गावाला कधीच का सांगितलं नाही?"

 म्हणाले, "सांगितलं असतं, तर त्या गावात तुझ्या आजीला कुणी राहू दिलं असतं? तुझा बाप कुठे वाढला असता?" आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, "पुस्तक सोमवारी छापायला जातंय. तुझी ओळ आहे तशीच ठेवलीय. राहू दे, कलिपा. आम्हाला सवय आहे."

फोन ठेवला. मग एकेकाला लावला, बावीसच्या बावीस जणांना. पहिला रायकानवहिनींना. उद्या दुपारी माझ्याकडे या. का, म्हणून सगळ्यांनी विचारलं. सांगितलं, फोटोखालची ओळ मी खोटी लिहिली. तुमच्यासमोर वाचली, तुमच्यासमोरच खोडायचीय.