बावीस की बत्तीस

२ मार्च, रविवार. दुपारी १

आज पुन्हा शंभरात बावन्न. दहा गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त दहा गुण. म्हणजे बावन्न अगदीच टाकाऊ नाही. हितेंद्र सरांच्या मते आहे. सर म्हणजे रेंजवरचे कोच, वय एकतीस. माझं त्रेपन्न. म्हणे मी ट्रिगरला हिसका देतो. दीड वर्ष हेच ऐकतोय. हिसका देणारा माणूस वाटतो का मी?

घरी येता येता उलगडा झाला. दोष हाताचा नाही, बोअरचा आहे. बायकोला, म्हणजे सुभद्राला, समजावलं की बोअर म्हणजे गोळीची जाडी, प्रत्येक हाताला आपापली मानवते. ती हो म्हणाली आणि कोळंबी सोलत बसली.

संकल्प: तिन्ही बोअर शास्त्रशुद्ध तपासायचे. एअर पिस्तूल, पॉइंट बावीस, पॉइंट बत्तीस. प्रत्येकी दहा गोळ्या. एअरचं अंतर दहा मीटर आणि बाकीच्यांचं पंचवीस आहे, पण शास्त्रात थोडं इकडेतिकडे चालतं. निष्कर्षांवर क्लबच्या स्मरणिकेत लेख. सेक्रेटरींना सांगूनही टाकलं.

५ मार्च. सकाळी ६.४०

मनगटाचा व्यायाम सुरू. इस्त्री सरळ हातात धरून पाच मिनिटं उभं राहायचं. सुभद्रा म्हणाली, "नुसते उभे रवलात त्यापेक्षा चार शर्ट तरी करा." तीन केले. चौथ्याला हात थरथरला.

९ मार्च, रविवार

एअर: ५४. बावीस: ५१.

सगळी भोकं खाली डावीकडे. घड्याळात सात वाजतात ना, तिथे. कारणं: एअरचा छर्रा हलका, खाली पडतो. बावीसचा आवाज कानाला लागतो. शिवाय लालबागमध्ये सध्या मसाले कांडायचे दिवस. मिरचीचा खकाणा थेट परळच्या रेंजपर्यंत येतो. इतरांना येत नाही, पण माझं नाक संवेदनशील आहे.

मायाने त्याच क्लबच्या बावीसने ब्याण्णव मारले. माया म्हणजे ऑफिसातल्या बुधाजीची मुलगी, सतरा वर्षांची. तिला रेंजवर मीच आणलं. बुधाजीला याची आठवण महिन्यातून एकदा करून देतो, कारण माणूस विसरतो.

नोंद: क्लबचं बावीस लहान हातासाठी बनवलेलं दिसतं.

१२ मार्च. रात्री ८

बत्तीससाठी खास परवानगी काढली. ५०. भोकं पुन्हा सात वाजताच्या जागी.

पण भोक मोठं! आणि नियम असा की भोक वरच्या गुणाच्या रेषेला नुसतं चाटलं तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे बत्तीस अधिक अचूक, हे सिद्ध झालं. गुण कमी आले तो योगायोग.

माया म्हणाली, काका, तिन्ही कार्डं एकावर एक ठेवून उजेडात धरा. तिला म्हटलं, तू तुझं बघ. घरी गुपचूप धरली. तिन्हींतली भोकं बरोब्बर एका जागी. निष्कर्ष: माझ्यात कमालीचं सातत्य आहे.

१५ मार्च, शनिवार

उद्या राज्य स्पर्धेची निवड चाचणी. फक्त बावीस. मला बत्तीस देत नाहीत, हा अन्याय, पण उतरणार. चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण सुभद्राच्या बहिणीला मीच फोन केला.

मायाची ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी बारावी, मग बुधाजी तिला रेंजवर पाठवणार नाही. पठ्ठी नक्की निवडली जाईल. श्रेय कोणाचं, हे लोकांनी ठरवावं.

नवं तंत्र: दोन गोळ्यांच्या मधे डोळे मिटायचे, दीर्घ श्वास घ्यायचा, मग हात उचलायचा. व्हिडिओत बघितलं.

१६ मार्च, रविवार. दुपारी ३

लिहू की नको. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

माझी लेन चार, मायाची पाच. सात गोळ्या झाल्या. आठवीआधी डोळे मिटले. श्वास. हात उचलला, डोळे उघडले, नेम धरला, ठो. इतक्या शांतपणे आयुष्यात गोळी मारली नव्हती. मग टार्गेटच्या वरच्या पाटीकडे लक्ष गेलं. पाटीवर पाच होतं.

कार्डं आली. मायाच्या कार्डावर अकरा भोकं. दहा मधे दाटीवाटीने. एक खाली डावीकडे, चार गुणांचं.

आमच्या क्लबचा नियम साधा आहे. शेजारच्याने कबूल केलं तर ते जादा भोक बाद. नाही केलं तर सर्वांत चांगली गोळी कापायची आणि वाईट धरायची. रेंज ऑफिसर माझ्याकडे आले. म्हणाले, काका, तुमच्या कार्डावर नऊच आहेत. एखादी तिकडे गेली का?

मी म्हणालो, "माझी एक कार्डाबाहेर गेली असणार."

त्यांनी माझ्या बाकीच्या नऊ बघितल्या आणि त्यांना लगेच पटलं. लगेच!

मायाचे एक्क्याण्णवचे पंच्याऐंशी झाले. निवडीला सत्त्याऐंशी लागत होते. हरकतीसाठी अर्धा तास ठेवला होता. कोणी हरकत घेतली नाही. यादी लागली.

दुसऱ्याच्या कार्डावर गोळी मारणं, रेंजवर याहून लाजिरवाणं काही नाही. बोर्डावर नावापुढे लिहितात. चाळीत काय सांगितलं असतं?

त्याच दिवशी. संध्याकाळी ७

एक शक्यता: मधली दहाची गोळी माझी, चारची मायाची. शास्त्र ही शक्यता नाकारू शकत नाही.

जेवण गेलं नाही. सुभद्राने विचारलं, काय झालं. म्हटलं, खकाणा.

१७ मार्च. ऑफिस, लंच टाइम

बुधाजीने नेहमीप्रमाणे डब्यातली अर्धी भाजी माझ्या झाकणात वाढली. म्हणाला, पोरगी कालपासून धड जेवलेली नाही. म्हणते, माझाच हात हलला असेल. ऑफिसर विचारत होते तेव्हा तू बाजूलाच होतास ना, तुला काय वाटतं?

मला वाटतं, मी मेलो तर बरं. हे बोललो नाही. बावीस बोअरमध्ये असं होतं, असं म्हणालो. त्याने मान हलवली. माझ्यावर विश्वास आहे त्याचा.

१९ मार्च

कबुलीचं पत्र लिहायला घेतलं. चार मसुदे झाले. पहिल्यात 'माझी गोळी'. दुसऱ्यात 'एक गोळी'. तिसऱ्यात 'गोळी भरकटली असावी'. चौथ्यात गोळीच नाही, नुसत्या रेंजच्या उजेडाबद्दल तक्रार आहे.

शुक्रवारी पाचला नावं पुण्याला जातात. त्याआधी तोंडीच सांगायचं. ठाम.

२१ मार्च, शुक्रवार. रात्री ९

चारला ऑफिसातून निघालो. रेंजच्या फाटकापर्यंत गेलो. सरांची स्कूटर दिसली नाही, तेव्हा ते नसणार म्हणून परत फिरलो. लालबागला आल्यावर आठवलं, सरांकडे स्कूटरच नाही. ते चालत येतात.

तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच लाज वाटते. बाकी सगळ्याला काही ना काही कारण देता येईल, याला नाही.

२३ मार्च, रविवार. दुपारी १२

सांगितलं. सर रजिस्टर लिहीत होते. ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. आता काही होत नाही, एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

माया कपाटातून तिचा कानाला लावायचा मफ आणि टॉवेल काढत होती. म्हणाली, सामान न्यायला आलेय. तिलाही सांगितलं. बोअरबद्दल काही बोललो नाही. माझी गोळी, माझा हात, मी खोटं बोललो, असं सांगितलं. लेखही देणार नाही म्हटलं. त्याबद्दल तिने विचारलंच नव्हतं.

तिला आश्चर्य वाटलं नाही. टॉवेलची घडी घालत म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, काका. तुमचा हात माझ्याकडे वळलेला दिसला मला."

मग सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. हेही मीच विचारलं, तिला.

म्हणाली, "पप्पांच्या मित्राला खोटारडा कसं म्हणू? मी बोर्डापाशी उभी होते. अर्धा तास होता ना. वाटलं, तुम्ही याल."

त्या अर्ध्या तासात मी कॅन्टीनमध्ये होतो. दोन वडे खाल्ले. दुसरा मागून घेतला होता.