रखमीचा रस्ता, माझे पापड

आमच्या म्हसा गावच्या वाटेला वरून डांबर मिळत नाय, आणि तुझ्या शेणव्याच्या रस्त्याला खालून तांबं पुरलं! रस्ता हाय का नवरी? हे आधीच लिहिलं, मागून इसरायला नको.

धाकट्या रखमीला थोरल्या गोदूचा आशीर्वाद. गुडघा कसा हाय? माझे दोन्ही दुखतात (तुझा एकच, त्यातही नशीब तुझंच).

मी तुझ्याकडं आले ती पापड लाटायला, रस्ता बघायला नाय. पण तूच ओट्यावर बसवून सांगत राहिलीस, गो आक्का, हितून बॅटरीची गाडी गेली की पळता पळताच चार्ज होते, वायर नको की पिन नको. जशी ती तांब्याची वेटोळी तूच पुरलीस! (तुझा मिक्सर अजून वायर हलवल्याबिगर फिरत नाय, ते मी बोलले नाय.) मला वाटलं, खाली येवढी वीज हाय तर रस्ता तव्यासारखा तापत असंल. भात काय, मिरची काय, आमी वाळवण रस्त्यावरच घालतो. म्हणून त्या नव्या पट्ट्यावर लुगडं अंथरून नाचणीचे सगळे पापड मांडले, आणि नेमकी तपासणीची बस आली. पिवळ्या टोपीचा साहेब धावत आला. म्हणाला, आजी, हा रस्ता तापत नाही, पोटाखाली वीज घेणारी पाटी बसवलेली गाडी वर आली तरच वीज देतो. मी म्हटलं, म्हणजे पाव्हणे दिसले की कामाला लागणाऱ्या सुनेसारखा! तो हसला आणि हसता हसता एक ओलसर पापड उचलून कच्चाच खाल्ला. मग दुसरा.

इथवर ठीक. पण त्यानं इचारलं, कोणी केले? आणि तू पदर सावरून पुढं झालीस, आमच्याच घरचे म्हणालीस. घर तुझं, खरं हाय. पण पीठ माझं, पापडखार माझा, मनगट माझं! आणि आता तुझ्या लेकाकडून, शामकडून कळतंय, रस्त्याच्या उद्घाटनाला 'रखमीआजीचे पापड' मागितलेत.

ता. क. मला तुझ्या रस्त्याचा हेवा नाय. आमच्या खड्ड्यांत पावसात खेकडे तरी मिळतात.

आणखी ता. क. उद्घाटनाला मी पीठ घेऊन येतेय. साहेबाला माझं नाव सांग, आणि तो खायला बसला की हळूच इचार, तांबं उरलंय का? माझ्या दारापुढं जरासं पुरलं तरी चालंल. आमच्याकडं गाडी नाय, पण ती काळजी तू करू नको.

उत्तर तू लिहायचं नाय, त्यालाही आमच्याच घरचं म्हणशील. तुझ्या नातीनं, दीपिकानं लिहायचं. लाटताना माझ्यासमोर तीच बसली होती.