वन्संच्या एसीची खरी हकिगत

लोणंद,
वैशाखातला मंगळवार

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

क्रांतीचा वाकून नमस्कार. (तुम्ही सध्या पाय मागे घ्याल हे ठाऊक आहे, म्हणून दीडशे किलोमीटरवरूनच करते.) तब्येत कशी आहे? ऑपरेशनच्या वेळी सांगितलेल्या गोळ्या वेळेवर घेताय ना? विश्वजितला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "आईचं बरं हाय मामी, पण मामाचं नाव काढू नका." म्हणून मी नाव काढत नाही, पत्र लिहिते. पत्र उचलावं लागत नाही, आणि मध्येच ठेवून दिलं तरी राहिलेलं जागेवरच असतं.

आमच्याकडचं म्हणाल तर तुमचे बंधू बरे आहेत असं लिहिण्याची पद्धत आहे. बरे नाहीत. फौजेत वीस वर्षं वायरी जोडलेला माणूस महिनाभर अंगणात खुर्ची टाकून त्या बसकडे बघत बसलाय. जुनी वही काढतात, पॅनेलचे आकडे पुन्हा मांडतात, पुन्हा तेच उत्तर येतं, आणि मग म्हणतात, "कुठंतरी चुकलंच असणार माझं. आक्का काय उगं बोलली न्हाई." ते चुकले नाहीत, वन्सं. हे सांगायलाच बसले आहे, पण सरळ तिथं जायचं धाडस होत नाही, तेव्हा थोडं वळसा घालून येते.

तुम्हाला आठवत असेल, शाळेची जुनी बस घेऊन तिच्यात पलंग, शेगडी आणि मोरी बसवायचं खूळ यांच्या डोक्यात कशानं शिरलं. ऑपरेशननंतर तुम्हाला ऊन सोसेना आणि तीन वर्षं म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन राहिलं, म्हणून. सगळ्या दुकानदारांनी सांगितलं, गाडीला बॅटरीवर चालणारा छोटा एसी मिळतो, तो लावा. हे म्हणाले, माझ्या आक्काला खेळण्यातला एसी नको. घरात भिंतीवर असतो तो, दोनशे तीस व्होल्टचाच लावणार आणि सूर्यावर चालवणार. टपावर चार मोठी पॅनेलं, पलंगाखाली बॅटरी, मध्ये ते वीज बदलणारं यंत्र. रोज सकाळी टपावर चढून काचा पुसायचे. (खरं सांगते, मला त्या काचांचा थोडा राग यायचा. लग्नाला एकवीस वर्षं झाली, वाळवणाला एक नीट दोरी बांधून द्या म्हणून मी तेवढीच वर्षं सांगतेय.)

तर वाळवण. आलेच मी तिथं.

निघायच्या आधी दोन दिवस हे बसच्या कागदपत्रांसाठी पुण्याला गेले होते. माझे सांडगे घालायचे राहिले होते. अंगणात कोंबड्या, गच्चीवर माकडं, आणि कांद्याचे ट्रक जाताना उडणारी धूळ तर सगळीकडेच. वर नजर गेली तर टपावर काळ्याभोर, लखलखीत, तव्यासारख्या तापलेल्या चार काचा. चारी बाजूंनी कठडा. माकडं म्हणाल तर बसला घाबरतात. वन्सं, तुम्हीही बाई आहात. तुम्ही काय केलं असतं?

मी जुनी नऊवारी पसरली आणि दोन्ही दिवस चारही काचा सांडग्यांनी भरून टाकल्या.

हे परत आले, बॅटरीचा आकडा बघितला. चाळीस टक्के. पुण्याला निघताना होता तेवढाच. मला विचारलं, दोन दिवसांत भरली कशी नाही? मी भाजी निवडता निवडता म्हणाले, "ढग होते." लोणंदला. चैत्रात. आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, वर बघितलंसुद्धा नाही.

निघायच्या सकाळी तीन काचांवरचे सांडगे मी गुपचूप उतरवले. चौथ्या काचेवरचे आतून ओले होते. मी शाळेत चौथीला गणित शिकवते. चारातला एक झाकला तर तीन उरतात, म्हणजे पाऊण काम होईल, असा अपूर्णांक मांडला आणि ते सांडगे झाकून, यांनीच शिकवलेल्या फौजी गाठीनं बांधून टाकले. मागाहून कळलं की तिथं पाऊण नसतं. चौघांचा मिळून ठरावीक व्होल्टेज आला तरच ते यंत्र दार उघडतं. तिघंच आले तर आत घेत नाही. माधवनगरला तुम्हाला घ्यायला आलो, त्या रात्री विश्वजित तुमच्या दारात घरच्या विजेचा प्लग बॅटरीला लावून द्यायला तयार होता, तेव्हा हे छाती काढून नको म्हणाले, आणि मी शेजारी उभी राहून गप्प बसले.

पुढचं तुम्ही भोगलंय. भिवघाटाच्या पुढं एसी बंद पडला. आतला पत्रा तापायला लागला, तुमचा श्वास लागला, म्हणून यांनी बस लिंबाच्या झाडाखाली घेतली. (सावलीत सूर्यावरचा एसी चालत नाही आणि उन्हात माणूस थांबत नाही, हे त्या मिनिटाला आपल्या तिघांनाही सुचलं नाही.) मेंढरं घेऊन बसलेले ते कोंडीबा आठवतात ना? म्हणाले, "आवं पाव्हणं, लिंबाखाली आलायसा, आता यंत्र कशाला? हितं वारं हाय की. बाईंला भाईर आणा." हे वायरी धरून घामाघूम झालेले. मला म्हणाले, "वर चढून बघ गं, पाला पडलाय का."

मी चढले. नऊवारी होती तशीच होती. गाठ सोडली, सांडग्यांसकट तिचं गाठोडं केलं, मागच्या शिडीनं उतरले आणि म्हणाले, "काही नाही. साफ आहे."

त्या गाठोड्यावर हात ठेवून मी तिथं उभी होते, वन्सं, जेव्हा तुम्ही म्हणालात, "आकाराम, मला मारायला आणलंस व्हय रं? लय शानपना तुझा!" आणि ते मान खाली घालून म्हणाले, "व्हय आक्का. चूक माझीच." मी गाठोडं पाठीमागं सारलं. विश्वजित गाडी घेऊन आला, तुम्ही मागं न बघता गेलात.

परत येताना बस उन्हातून चालली. तासाभरानं मागं खट् आवाज झाला आणि एसी आपोआप सुरू झाला. रिकाम्या पलंगावर गार वारं. यांनी गाडी बाजूला घेतली, मागं गेले, त्या वाऱ्यात जरा वेळ उभे राहिले आणि बटण बंद करून आले.

तुमची सगळ्यांत धाकटी भावजय आणि सध्या सगळ्यांत लहान झालेली,
क्रांती

ता. क. रविवारी फलटणचा एकजण बस बघायला येतोय. त्याआधी तुम्ही यांना फोन करावा, एवढीच विनंती. मी लिहिलेलं मात्र यांना सांगू नका. आपणहून राग गेला असं म्हणा.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. वाचून मला माझीच शिसारी आली. तुम्ही मोठ्या आहात, तुमच्याकडून खोटं बोलवून घ्यायला निघाले होते. म्हणून हे पत्र आत्ता यांना वाचून दाखवलं. मी रडत होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे माझं गणित बरोबर हुतं?" मी हो म्हणाले. असे हसले, वन्सं, की शेजारच्या सुलाबाई बघायला आल्या. फलटणवाल्याला नको म्हणून कळवलंय.

ता. क. तिसरा, आणि हा शेवटचा. पुढच्या गुरुवारी पहाटे हे बस घेऊन तुमच्या दारात येतील. हॉर्न वाजवणार नाहीत, आठापर्यंत थांबतील. तुम्हाला म्हसवडला यायचं नसेल तर येऊ नका. पण तेवढं सांगायला तरी बाहेर या. पुढच्या सीटवर मी बसलेली असेन. जे बोलायचं ते या वेळी माझ्याकडे बघून, त्यांच्यासमोर बोला.