जावयाचा ओठ

३ मार्च, मंगळवार
जावईबापूंच्या ओठावर पुळ्या उठल्यात! खालच्या ओठाला, डाव्या कोपऱ्यात, पाणी भरलेल्या. चहा पिताना तोंड वाकडं करतात. विचारलं तर, "काही नाही आई, थोडी उष्णता."

उष्णता! दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते मी. पेशंट आत सोडायच्या आधी त्याचे ओठ बघायचे, पुळ्या असतील तर पुढची तारीख द्यायची — हेच माझं काम. हर्पीस कशाला म्हणतात ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या जावयाने मला शिकवू नये.

लेक जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून मी यांच्याच घरात राहते. "आई, तुम्ही इथेच राहा" म्हणाले होते. जेवताना मान वर करत नाहीत. मला आपलं वाटायचं, दुःख आहे.

४ मार्च, बुधवार
डॉक्टरांना विचारलं. शेजारणीचं म्हणून.
"हे लागतं कशाने?"
"बहुतेक वेळा मुक्याने. कोणाला पुळ्या असताना मुका घेतला, की लागलंच समजा."
मदतनीस पोरगी मास्कच्या आत खुदखुदली. "म्हणजे मावशी, आम्ही लग्नच करायचं नाही की काय?"
डॉक्टर तिच्यावर डाफरले. मग म्हणाले, मुक्याने एचआयव्ही होत नाही, उगाच घाबरू नये. पण हे होतं. तोंडात गरमीची, म्हणजे सिफिलिसची, जखम असली तर तीही लागू शकते. आणि हा पुळ्यांचाच जंतू खालच्या अंगाला गेला की लोक गुप्तरोग म्हणून कुजबुजतात. पुढेही काही सांगत होते, तेवढ्यात फोन वाजला. मी उठले. मला हवं ते कळलं होतं.

५ मार्च, गुरुवार
मुका! कोणाचा?
शर्टाची कॉलर नीट दुमडता येत नाही, भाजीत मीठ टाकलं की नाही ते आठवत नाही — आणि निघाले गुण उधळायला. भिंतीवर माझ्या लेकीचा फोटो. रोज सकाळी तो पुसतात. वरून कीर्तन, आतून तमाशा!

७ मार्च, शनिवार
दादाला फोन केला. पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन ये म्हटलं. मी येते, तिचं कपाटही येईल. फोटोसुद्धा.
"अगं, पण त्याला एकट्याला टाकून —"
"एकटा कुठला! चांगली सोय लावलीय त्याने."
मागून वहिनीचा आवाज, "वन्संना येऊ द्या हो, पण कपाट कुठे ठेवायचं ते विचारा!"
या घरात तिला ओळखणारी दोनच माणसं. त्यातलं एक असलं निघालं. ह्यांचं तोंड पुन्हा बघायचं नाही. मेल्याचंही कळवू नये.

९ मार्च, सोमवार
त्यांचा कप वेगळा काढला. कान तुटलेला. मुकाट्याने त्यातून चहा प्यायले. पालथ्या घड्यावर पाणी.

११ मार्च, बुधवार
आज पुळ्यांचा एक पेशंट परत पाठवला. सत्तरीचे गृहस्थ, चिडले. "अहो, बायको जाऊन दहा वर्षं झाली! मी कोणाला तोंड लावणार?"
डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, एकदा शिरलं की जन्मभर मज्जातंतूत दडून बसतं. जागरण, ताप, मनाला धक्का — कशानेही वर येतं. वीस वर्षांपूर्वीचंही.

दिवसभर तेच डोक्यात. म्हणजे हे आत्ताचंच असेल असं नाही. मग कधीचं? लग्नाआधीचं! तेव्हाही हे धुतल्या तांदळासारखे नव्हतेच तर. आणि असल्या माणसाला आम्ही मुलगी दिली! तिलाही लागलं असणार. बिचारी, एका शब्दाने बोलली नाही.

बाईच्या भानगडीपेक्षा हे वाईट. ती निदान माझ्या लेकीच्या माघारी झाली असती.

१४ मार्च, शनिवार
कपाट रिकामं केलं. साड्या गाठोड्यात. जावईबापू म्हणाले, कपाटाचे दरवाजे सोडवून देतो, नाहीतर जिन्यातून उतरणार नाही. मदतीचा केवढा उत्साह! पीडा टळतेय ना.
उद्या निघण्यापूर्वी तोंडावर विचारणार आहे. कोणाकडून आणलंत आणि माझ्या लेकीला दिलंत? बघू, तेव्हा तरी मान वर होते का.

१५ मार्च, रविवार
विचारलं. ते स्क्रू काढत होते, थांबले.
"आई, मला हे तिच्याकडून आलं. तिला हॉस्टेलपासून होतं. पुळ्या उठल्या की ती तुमच्याकडे यायची नाही. सर्दी झालीय म्हणून कळवायची. म्हणायची, आईचा तो चेहरा मला नको बघायला."
मग म्हणाले, "डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. मी घेत नाही. तिचं एवढंच येतं अजून."
दादा खाली हॉर्न वाजवत होता. मी खिडकीशी गेले नाही. तिला कधी कधी सर्दी झाली होती, ते आठवत बसले.