गाडी डावीकडे कलते

मल्लेश्वरम, बंगळूरू
६ जानेवारी २०२५

चि. मल्हारास विमलाआत्याचे अ. उ. आ.

फोन डाव्या कानाला लावला तर काही ऐकू येत नाही, उजव्याला लावला तर तू घाईत बोलतोस. म्हणून हे पत्र. तुझ्या इलेक्ट्रॉनिक सिटीहून इथवर माणूस पोचण्याआधी टपाल पोचतं, हा अनुभव आहेच.

काम असं आहे. माझी लाल गाडी वळणावर डावीकडे कलते. सँकी तलावाच्या वळणाला तर आता उपडी होते की काय असं वाटतं. दोन दारांची स्पोर्ट्स गाडी असली म्हणून काय झालं, तिलाही तीस वर्षं झाली. स्प्रिंगा दमल्या असणार. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात एकतीस वर्षं काढली मी, सरळ काय आणि तिरकं काय एवढं मला कळतं. तुला गाड्यांचं वेड आहे, तेव्हा तूच लक्ष घाल.

श्रीवत्सला मात्र कळवू नकोस. कॅनडात बसून माझ्या लेकाचं एकच पालुपद, आई, गाडी विकून टाक. तुझे आतोबा गेल्यापासून मी जिथे जाते ती या गाडीने आणि माझ्या मर्जीने. ती गेली की दुसऱ्याच्या सवडीची वाट बघत बसायचं, ते मला या जन्मी जमणार नाही.

सूनबाईला, मुग्धाला आशीर्वाद सांग. तिच्या हातची गुळपोळी संक्रांतीला मी खाणार आहे.

तुझ्यावर आणि गाडीवर सारखाच जीव असलेली,
विमलाआत्या

इलेक्ट्रॉनिक सिटी
१९ जानेवारी

ती. आत्यास मल्हारचा शि. सा. न. वि. वि.

काल तू देवळात होतीस, म्हणून गाडी अंगणात लावून किल्ली शेजारच्या श्रीविद्याअक्कांकडे ठेवली. होसकोट्याला रविकिरण म्हणून आहे, शर्यतीच्या गाड्यांची कामं करतो. त्याच्याकडून चारही स्प्रिंगा बदलून घेतल्या, आधीपेक्षा बऱ्याच कडक. शिवाय पुढे-मागे नवे स्वे बार घातले. म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी. वळणावर गाडी एका अंगावर झुकायला लागली की ती दांडी तिला धरून ठेवते. जुनी करंगळीएवढी होती, नवी चांगली अंगठ्याएवढी आहे.

सँकीच्या वळणावर मी मुद्दाम जोरात घातली. तसूभर झुकली नाही! मी तर प्रेमातच पडलोय. फक्त हम्प आला की स्वल्प हळू घे, नव्या स्प्रिंगा जरा दणके देतात.

आता तुझी तक्रार संपली आणि माझी गुळपोळीची उधारी फिटली असं धरतो.

तुझा मल्हार

मल्लेश्वरम
२ फेब्रुवारी

चि. मल्हार, अ. उ. आ.

स्वल्प हळू म्हणे! आठव्या क्रॉस रस्त्याच्या हम्पवर माझी कवळी सुटली. पाठीचा मणका न् मणका मोजून घेतला या स्प्रिंगांनी. रोग परवडला पण औषध नको, असं झालंय.

एवढं सोसूनही गाडी कलते ती कलतेच. वळण सोड, आता सरळ रस्त्यावरही डावीकडे ओढ घेते. अंगठ्याएवढी दांडी घातलीस, ती कोणाच्या अंगठ्याएवढी, ते नीट बघून घेतलंस का? ड्रॉइंग ऑफिसात असं काम कोणी आणलं असतं तर मी कागद परत केला असता. तेव्हा गाडी परत पाठवत आहे, सरी? ठीक ना?

आशीर्वाद आहेतच, पण सध्या जरा आखडते घेतले आहेत.
विमलाआत्या

इलेक्ट्रॉनिक सिटी
१६ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

माझे आणखी दोन शनिवार होसकोट्यात गेले. मुग्धा म्हणते, तिकडेच घर भाड्याने घे. रविकिरणने गाडी सपाट फरशीवर उभी करून चारही कोपऱ्यांची उंची मोजली. केसाचा फरक नाही. सगळे रबरी बुश नवे घातले. मागची दांडी आणखी जाड केली. याहून जाड हवी असेल तर पुलाची तुळईच आणावी लागेल. रविकिरणचं म्हणणं, बंगळूरूचे रस्तेच कडेला उतरते असतात, त्यामुळे तसं वाटत असेल.

खरं सांगतो आत्या, मी वैतागलो आहे. गाडी उत्तम झाली आहे. कृपा करून आता ती उत्तम आहे असं म्हण.

तुझ्या शाबासकीची वाट बघणारा,
मल्हार

मल्लेश्वरम
२४ फेब्रुवारी

चि. मल्हार,

तुझ्या रविकिरणला म्हणावं, नाचता येईना अंगण वाकडं! याच रस्त्यांवर मी चाळीस वर्षं गाडी चालवते आहे, तेव्हा नव्हते का ते उतरते?

काल फाटकातून आत येताना गाडीने अशी काही डावी बाजू धरली की आरसा खांबाला लागून तुटला. श्रीविद्या धावत आली आणि मलाच म्हणाली की अक्का, तुम्ही फार कडेने घेता. मी तिला बोलू नये ते बोलले.

एक विचारते, खरं उत्तर दे. श्रीवत्सने तुला फितवलं आहे का? गाडी नकोशी व्हावी म्हणून मुद्दाम हे चाललंय का? तुला जमत नसेल तर तसं सांग, मी दुसरा माणूस बघते.

आज आशीर्वाद लिहिण्याचं मन नाही.
विमलाआत्या

इलेक्ट्रॉनिक सिटी
२ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

श्रीवत्सदादाशी माझं याबद्दल एक अक्षरही झालेलं नाही. पण मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, आणि त्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या खेपेलाच रविकिरणने मला बाजूला नेऊन सांगितलं होतं की गाडीत काही दोष नाही, अक्कांना एकदा कानाच्या डॉक्टरांकडे न्या. त्याच्या आईला कानातल्या बिघाडाने सगळं एका अंगाला झुकल्यासारखं वाटायचं. तुला हे लिहायचा मला धीर झाला नाही. म्हणून मी आणखी जाड दांडी घालून घेतली. निव्वळ नाटक! आणि तेवढ्या दिवसांत तू आरसा फोडलास. त्या खांबाच्या जागी कोणी माणूस असता तर मी काय केलं असतं?

गाडी कलत नाही, आत्या. डॉक्टरांना दाखवेपर्यंत ती चालवू नकोस, मी पाया पडतो. श्रीवत्सदादाला सांगायचं की नाही ते तू ठरव.

हवं तेवढं रागाव, पण तोडू नकोस.
मल्हार

मल्लेश्वरम
९ मार्च

चि. मल्हार, अ. उ. आ.

तुझं पत्र आधी फाडलं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं. तुला खोटं पाडायचं ठरवलं आणि ट्रंकेतून माझा ओळंबा काढला. गाडीच्या आतल्या आरशाला दोरा बांधून तो खाली सोडला. गाडी उभी, वारा नाही. मी सीटवर बसून बघितलं. गाडी मला डावीकडे झुकलेली दिसली. मनात म्हटलं, सापडलास मल्हार! मग दोऱ्याकडे बघितलं, तर दोराही झुकलेला.

ओळंब्याचा दोरा तिरका असूच शकत नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी हेच शिकवत असे.

तासभर तशीच बसून राहिले. इंजिन सुरू केलं नाही. मला फार राग आला आहे रे, आणि तो काढायला कोणी उरलेलं नाही. तू नाहीस, रविकिरण नाही, बिचाऱ्या स्प्रिंगाही नाहीत. श्रीविद्याची माफी मागून आले. श्रीवत्सला मीच कळवलं, आणि गाडी विकायची नाही हेही त्याच कागदावर लिहिलं.

शनिवारी सकाळी दहाची वेळ डॉक्टरांनी दिली आहे. तू ये, गाडी तू चालव. मी सवयीने उजव्या दाराकडे गेले, तर हाताला धरून मला डावीकडे ने. आणि त्या वेळी काही बोलू नकोस.

तुझी,
विमलाआत्या