एकमताने पहिली प्रत

४ जानेवारी, सकाळ
दलालाला तोंडावर सांगून आलो. अकरा वर्षं माझ्या टोमॅटोला तिसरी प्रत देतो आहे. माणसाला नजरच नाही. आता शेतकऱ्यांची स्वतःची सहकारी संस्था. मधे कोणी नाही, माल थेट गिऱ्हाइकाच्या पिशवीत. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पाणी तापलंय, आंघोळ करताय ना? मोठ्या कामांची सुरुवात अशीच होते.

११ जानेवारी
चौघे तयार. मी, मेहुणा (तोही टोमॅटोवालाच), निवृत्त मास्तर (कोबी) आणि पलीकडच्या काकू (गाजरं, अंडी). अध्यक्ष कोण? मास्तर नको म्हणाले, मेहुण्याला वेळ नाही, काकू म्हणाल्या, ज्याला बसून राहायला जमतं त्याला करा. म्हणजे एकमताने मी.
संकल्प : रोज पाचला उठून तोडणी.

१२ जानेवारी
साडेआठला उठलो. टोमॅटो झाडावर जास्त दिवस राहिला की गोडी येते. याला पद्धत म्हणतात.

२५ जानेवारी
भाड्याच्या गॅरेजमध्ये दुकान सुरू. शटर अर्धंच वर जातं, गिऱ्हाईक वाकून आत येतं. पहिलं गिऱ्हाईक दातांच्या डॉक्टरीणबाई. म्हणाल्या, माल चांगला निघाला तर अख्खी गल्ली आणते. तेवढी गल्ली आली की संस्था तरली. कंबर दुखते आहे.

३ फेब्रुवारी
प्रतवारी आम्हीच करतो, एकमेकांच्या मालाची. अडचण अशी की कोणीच कोणाला दुसरी प्रत देत नाही. मास्तरांच्या कोबीला भोकं होती. काकूंनी पहिली दिली, कारण काकूंची सून म्हणजे मास्तरांची भाची. मग काकूंच्या दोन-दोन पायांच्या गाजरांना मास्तरांनी पहिली दिली. मी मेहुण्याला दुसरी देणार होतो. पण मला घरी जेवायचं असतं.

९ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई पिशवी घेऊन परत. म्हणाल्या, तुमचे टोमॅटो माझ्या कवळीवाल्या पेशंटांना चालतील, बाकीच्यांना कसे देऊ? अजून एकदा येऊन बघते, मग गल्लीचं ठरवू. मेहुण्याचे असणार. विचारलं नाही. नाती जपावी लागतात.

१० फेब्रुवारी
माझी योजना : क्रेटवरच्या नावावर कागद चिकटवायचा, मग प्रत ठरवायची. नाव दिसलं नाही की नातं आड येत नाही. काकू म्हणाल्या, तोंड झाकलं म्हणून चाल लपते का? त्यांना प्रशासनातलं फारसं कळत नाही.

१६ फेब्रुवारी
आज न्याय झाला. तिसऱ्या क्रेटमधल्या टोमॅटोवर बोट ठेवलं, बोट आत गेलं. तिसरी प्रत, मी जाहीर केलं. वर दहा मिनिटं बोललो. हा मनुष्य झोपाळू आहे, याला पिकाची माया नाही, गिऱ्हाइकाची लाज नाही. मास्तर चष्मा पुसत राहिले. मेहुणा शटरकडे बघत होता. काकू म्हणाल्या, बास हो आता, पुढचा क्रेट घ्या. मी कागद ओढला.
खाली आमचं नाव.
क्रेटची अदलाबदल झालेली असणार. तेवढ्यात काकूंनी हात वर केला : पहिली प्रत. मग मास्तरांनी. मग मेहुण्याने. मी तटस्थ. संस्थेत अशी माणसं हवीत.
झोप येते आहे.

२३ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई आल्या. पहिल्या प्रतीचा एक टोमॅटो दाबून बघितला, हात रुमालाला पुसला, अर्धा किलो गाजरं घेऊन गेल्या. गल्लीचं काही बोलल्या नाहीत. दुपारी आमच्या क्रेटमधून पाणी गळून काकूंच्या अंड्यांच्या ट्रेवर गेलं. काकूंनी एकेक अंडं पुसलं. बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ मार्च
सभा. मेहुणा उभा राहिला, घामाघूम. म्हणाला, दाजी, तुम्ही अध्यक्ष. अध्यक्षांनी स्वतः माल वाहून आणावा हे शोभत नाही. तुम्ही देखरेख करा, टोमॅटो यापुढे मी आणतो. मास्तरांनी त्याचं वाक्य संपायच्या आत अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर. मान वाढला की हातातलं काम कमी होतं, सगळीकडे असंच असतं. मी आभाराचं भाषण केलं. दोनच मिनिटं. पुढे सुचलं नाही.

३ मार्च, सकाळ
बायको भांडी लावत होती. तिला ठराव वाचून दाखवला. ‘देखरेख’पर्यंत आलो, पुढचं वाक्य तिनेच म्हटलं. तिचाच मजकूर. भावाकडून तीनदा म्हणून घेतला होता म्हणे. ‘शोभत नाही’पाशी त्याला हसू येत होतं, मग रडू.
काकूंची अंडी आणि मास्तरांचा कोबी तरी विकला जाऊ दे, म्हणाली.
मी विचारलं, टोमॅटोचं तुला कधीपासून माहीत होतं?
म्हणाली, लग्नानंतरच्या पहिल्या पिकापासून.
मग बोलली का नाहीस?
तिने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, पहिला टोमॅटो तुम्ही शर्टाला पुसून माझ्या हातावर ठेवलात आणि तोंडाकडे बघत उभे राहिलात. छान आहे, म्हणाले मी. मग दरवर्षी म्हणत गेले.